विहिरींची नोंद : संगणकावरील प्रपत्र आणि आलेख

पंचायतीच्या कचेरीत आणि शाळेत नोंदवहीच्या जोडीला आता संगणक आला आहे. महिन्याची माहिती त्यात भरली की क्षणार्धात आलेख तयार होतो आणि तालुक्याच्या बैठकीत नोंदवहीऐवजी तो आलेखच पाहिला जातो. ही सोय मोठी आहे यात शंका नाही. परंतु तिच्याबरोबर एक जबाबदारीही आली आहे. नोंदवही चाळणाऱ्यास खाडाखोड दिसे, समासातील शेरा दिसे, अक्षर कोणाचे हेही ओळखता येई. आलेख पाहणाऱ्यास यांपैकी काहीच दिसत नाही. प्रपत्रात जे विचारलेच नाही ते आलेखात कधी येत नाही, आणि प्रपत्राने जे भलत्या रकान्यात ढकलले ते आलेखात खऱ्यासारखे उमटते.

एक उदाहरण आरंभीच घेऊ. एखाद्या वाड्यावर पाच विहिरी आहेत असे समजा. जानेवारीत जमिनीपासून पाण्यापर्यंतची खोली अनुक्रमे ३.२, ४.१, ३.६, ५.० आणि ४.६ मीटर भरली. हिची सरासरी ४.१ मीटर. मे महिन्यात पहिल्या तीन विहिरींत ही खोली ५.८, ६.७ व ६.१ मीटर झाली आणि उरलेल्या दोन विहिरी कोरड्या पडल्या. प्रपत्रात आकड्याखेरीज दुसरे काही लिहिण्याची सोय नव्हती आणि रकाना रिकामा ठेवला तर प्रपत्र पुढे सरकत नव्हते. तेव्हा नोंद करणाऱ्याने ‘पाणी शून्य’ या अर्थाने दोन्ही ठिकाणी ० लिहिले. संगणकाने पाचही आकड्यांची सरासरी काढली, ती आली ३.७२ मीटर. म्हणजे जानेवारीत ४.१ मीटर खोल असलेले पाणी भर उन्हाळ्यात वर आले! खोली शून्य याचा अर्थ विहीर काठोकाठ भरलेली असा होतो. लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे लिहिले, संगणकाने बेरीज-भागाकार बिनचूक केला, आणि तरीही ज्या वाड्यावर टँकर सर्वांआधी पोहोचावयास हवा तो वाडा आलेखात सर्वांत सुखी ठरला.

हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत; परंतु असा प्रमाद घडण्यास फारसे काही लागत नाही. म्हणून गावातील विहिरींची नोंद हाच विषय धरून, डेटाबेसवर आधारलेले प्रपत्र कसे रचावे आणि त्यातून निघणारा आलेख कसा काढावा, याविषयी काही व्यावहारिक गोष्टी येथे मांडावयाच्या आहेत. पंचायत सचिव, शिक्षक आणि प्रोग्रॅम लिहू शकणारे गावातील विद्यार्थी या तिघांनी एकत्र बसून हे काम केल्यास ते चांगले होते. तिघांपैकी एकट्याने केलेले सहसा होत नाही.

प्रथम तक्ते, मग प्रपत्र

उत्साही मंडळी बहुधा पडद्यावरील प्रपत्राच्या रंगरूपापासून आरंभ करतात. त्याआधी कागदावर वीस-पंचवीस खऱ्या नोंदी लिहून पाहाव्यात. कोणती गोष्ट वारंवार लिहावी लागते आणि कोणती एकदाच, हे त्यातून आपोआप कळते. डेटाबेस म्हणजे परस्परांशी सांधलेल्या तक्त्यांचा संच होय. या पद्धतीचा पाया एडगर कॉड यांनी आयबीएम कंपनीत असताना १९७० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात घातला. तिचे व्यवहारापुरते सार असे की, प्रत्येक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी आणि अन्यत्र तिचा केवळ क्रमांक द्यावा.

आपल्या कामात निदान दोन तक्ते लागतील. पहिला विहिरींचा : विहिरीचा क्रमांक, वाडा, सार्वजनिक की खासगी, तळापर्यंतची खोली, अक्षांश व रेखांश. दुसरा मोजणीचा : विहिरीचा क्रमांक, मोजणीची तारीख, विहिरीची स्थिती, मोजलेले अंतर आणि मोजणाऱ्याचे नाव. एक मोजणी म्हणजे एक ओळ. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च असे महिन्यांचे आडवे रकाने आखण्याची जी सवय कागदावर लागलेली असते, ती येथे सोडावी. कागदावर ती सोयीची होती. डेटाबेसमध्ये मात्र पुढील वर्ष उजाडले की नवे बारा रकाने वाढवावे लागतात आणि ‘सर्व मे महिने शोधा’ हा साधा प्रश्नही विचारता येत नाही.

आता कठड्याची गोष्ट. फीत विहिरीत सोडली जाते ती कठड्याच्या काठावरून. आपल्याला हवी असते ती जमिनीपासूनची खोली. कठडा ०.९ मीटर उंच असेल तर तेवढे अंतर वजा करावयास हवे. ही वजाबाकी नोंद करणाऱ्यावर सोपवली तर एका महिन्यात ती होते आणि दुसऱ्या महिन्यात राहून जाते. माणूस बदलला की हमखास राहते. म्हणून प्रपत्रात ‘फितीवर दिसलेले अंतर’ एवढेच विचारावे आणि वजाबाकी संगणकाने करावी. जे डोळ्यांनी पाहिले वा हाताने मोजले तेच माणसाला विचारणे केव्हाही श्रेयस्कर.

कठड्याची उंची विहिरींच्या तक्त्यात एकदा लिहून ठेवली की काम झाले असे वाटते. पण दोन वर्षांनी कठडा नव्याने बांधला आणि तो १.२ मीटर झाला तर काय होईल? नवी उंची जुन्या जागी लिहिताच मागील सर्व वर्षांच्या खोल्या एका रात्रीत ०.३ मीटरने बदलतील. यावर उपाय म्हणून कठड्याच्या उंचीसाठी एक छोटा तिसरा तक्ता ठेवावा आणि त्यात ‘कोणत्या तारखेपासून’ हा रकाना असावा. भाडे, दर, शुल्क, वर्गशिक्षकाचे नाव अशा काळानुसार बदलणाऱ्या प्रत्येक गोष्टीस हाच नियम लागू पडतो.

एका पंचायतीपुरत्या नोंदीस एसक्यूलाइट पुरेसा आहे. तो विनामूल्य मिळतो आणि सारी माहिती एकाच फाइलमध्ये राहते. मात्र त्यात तक्त्यांमधील दुवे तपासण्याची सोय मुद्दाम चालू करावी लागते. ती केली नाही तर अस्तित्वात नसलेल्या विहिरीची मोजणीही तो निमूटपणे स्वीकारतो. तालुक्यातील अनेक ठिकाणांहून एकाच वेळी नोंदी होणार असतील तर पोस्टग्रेएसक्यूएल घ्यावा. तोही विनामूल्य आहे.

नावापेक्षा क्रमांक

आपल्याकडे गावांच्या आणि तालुक्यांच्या नावांची मौज आहे. मराठीत डिचोली, कोकणीत दिवचल आणि इंग्रजी कागदांवर बिचोलिम, असा एकच तालुका तीन नावांनी वावरतो. काणकोण आणि कानाकोना, फोंडा आणि पोंडा यांचीही तीच कथा. ही विविधता भाषेचे वैभव आहे. परंतु तालुक्याचे नाव हाताने लिहावयाचा रकाना ठेवला की स्तंभालेखात एका तालुक्याचे तीन स्तंभ उभे राहतात आणि तिन्ही ठेंगणे दिसतात. पाणीटंचाईच्या यादीत ज्याचा क्रमांक वरचा असावयास हवा, तो अशा रीतीने तीन तुकड्यांत विभागला जाऊन खाली जातो.

म्हणून नाव लिहू देऊ नये. यादीतून निवडू द्यावे आणि डेटाबेसमध्ये केवळ क्रमांक साठवावा. त्या क्रमांकापुढे मराठी, कोकणी व इंग्रजी अशी तिन्ही नावे ठेवता येतात आणि पाहणाऱ्यास त्याच्या भाषेतील नाव दाखविता येते. क्रमांक स्वतः शोधून काढण्याचीही आवश्यकता नाही. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत जिल्हा, तालुका, गाव व ग्रामपंचायत यांना संकेतांक दिलेले आहेत, तेच वापरावेत. पुढे आपली माहिती दुसऱ्या खात्याच्या माहितीशी जुळवावयाची वेळ आली तर हे श्रम वाया जात नाहीत.

यादी देताना एक दक्षता घ्यावी. यादीतील पहिले नाव आपोआप निवडलेले असेल तर घाईत असलेला माणूस ते तसेच ठेवून पुढे जातो आणि वर्षअखेरीस पहिल्याच वाड्यावर निम्म्या नोंदी आढळतात. आरंभी तेथे ‘निवडा’ एवढेच असावे.

प्रपत्रातील रकाने

वरच्या उदाहरणातील शून्याचे मूळ येथे आहे. खोलीच्या आधी ‘विहिरीची स्थिती’ हा रकाना घ्यावा आणि त्यात तीन पर्याय ठेवावेत : पाणी मोजले, विहीर कोरडी, मोजता आले नाही. पहिला पर्याय निवडला तरच खोलीचा रकाना उघडावा आणि तेव्हा तो भरणे सक्तीचे असावे. इतर दोन्ही प्रसंगी डेटाबेसमध्ये खोलीची जागा रिकामी राहावी. तेथे शून्य, ९९ वा ९९९ असले खुणेचे आकडे मुळीच लिहू नयेत. कोरडी विहीर ही माहिती आहे. फाटकाला कुलूप असल्यामुळे मोजणी झाली नाही, हीही माहिती आहे, पण ती निराळी. दोन्ही गोष्टी एकाच रिकाम्या चौकटीत कोंबल्या तर त्यांतील भेद पुढे कोणासही सांगता येणार नाही. शाळेच्या हजेरीतही ‘गैरहजर’ आणि ‘हजेरी घेतलीच नाही’ यांत हाच फरक असतो, हे शिक्षकांना वेगळे सांगावयास नको.

आकड्यांची तपासणी दोन प्रकारची असते आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. काही आकडे अशक्य असतात, काही केवळ नेहमीपेक्षा वेगळे असतात. पाण्याच्या परीक्षणात आम्ल-विम्लता दर्शविणारा पीएच हा अंक सामान्यतः ० ते १४ या मर्यादेत असतो, ६.५ लिहिताना दशांश चिन्ह राहून ६५ झाले तर ती नोंद प्रपत्राने नाकारलीच पाहिजे. परंतु पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत, पीएचची मर्यादा ६.५ ते ८.५ आहे म्हणून प्रपत्रानेही तेवढेच आकडे स्वीकारावेत असे कोणी ठरविले तर तो मोठा घोटाळा होईल. जांभ्या दगडाच्या प्रदेशातील विहिरींचे पाणी किंचित आम्लधर्मी असणे नवलाचे नाही. ५.९ हा आकडा खरा असू शकतो, आणि प्रपत्र तो घेत नाही म्हणून कोणी वैतागून ६.५ लिहिले तर ज्या विहिरीकडे लक्ष वेधावयाचे होते तीच नेमकी निर्दोष ठरते. अशक्य आकडा अडवावा. असामान्य आकड्यावर ‘पुन्हा पाहिले काय?’ असे विचारावे, शेरा लिहून घ्यावा आणि तो स्वीकारावा.

खोलीच्या बाबतीत अशक्य काय हे विहिरींच्या तक्त्यावरून कळते. तळापर्यंतची खोली ७ मीटर आणि कठडा ०.९ मीटर असेल तर फितीवर ७.९ मीटरहून अधिक अंतर येणे शक्य नाही. असामान्य काय, हे ठरविताना मात्र तारतम्य हवे. ‘मागील महिन्यापेक्षा दोन मीटरचा फरक’ अशी कसोटी लावली तर जून-जुलैत प्रत्येक विहिरीवर सूचना झळकेल, कारण जांभ्यात पावसाचे पाणी झपाट्याने मुरते आणि पातळी झपाट्याने चढते. वारंवार झळकणारी सूचना कोणी वाचत नाही. यापेक्षा गतवर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करावी. मागील आकडा नोंद करणाऱ्यास आधीच दाखवावा की नाही याबद्दल मतभेद आहेत. आमच्या मते तो आधी दाखवू नये. समोर ५.८ दिसत असता ६.४ लिहिताना हात अडखळतो, आणि फीत न सोडताच ५.९ लिहिण्याचा मोहही होतो.

तारखेविषयी. ०५/०६ म्हणजे पाच जून की सहा मे, हा वाद उद्भवूच नये यासाठी पडद्यावर महिना अक्षरांत दाखवावा आणि डेटाबेसमध्ये वर्ष-महिना-दिवस या क्रमाने साठवावा. मोजणीची तारीख आणि नोंद संगणकात भरल्याची तारीख यांचे रकाने वेगळे असावेत. दुसरी तारीख संगणकानेच लिहावी.

विहिरीपाशी मोबाइलची रेंज असेलच असे नाही. तेव्हा प्रपत्र पाठविता आले नाही तर भरलेली माहिती त्याच यंत्रात सांभाळून ठेवण्याची व्यवस्था असावी. ती करणे जमत नसेल तर छापील चिठ्ठीवर मोजणी लिहून आणणे अधिक बरे. त्यात कमीपणा काही नाही. रेंज मंद असली की माणूस ‘पाठवा’ हे बटण दोनदा-तीनदा दाबतो आणि एकाच मोजणीच्या तीन ओळी होतात. बटण एकदा दाबल्यावर बंद करणे हा अर्धा उपाय झाला. पुरा उपाय म्हणजे एका विहिरीची एका तारखेस एकच ओळ राहील असे बंधन डेटाबेसमध्येच घालणे. प्रपत्रातील प्रत्येक तपासणी सर्व्हरवर पुन्हा व्हावी, कारण ब्राउझरमधील तपासणी टाळता येते. आणि काही चुकले तर ‘त्रुटी’ एवढाच शब्द दाखवून भरलेले सारे पुसून टाकणारे प्रपत्र लोक दुसऱ्यांदा उघडत नाहीत. कोणता रकाना, काय चुकले आणि काय लिहावे, हे सरळ मराठीत त्या रकान्यापाशीच सांगावे.

देवनागरीतील अडचणी

मराठीतून नोंदी घेताना काही गोष्टी इंग्रजी मार्गदर्शिकांत सापडत नाहीत. पहिली गोष्ट अंकांची. केवळ संख्या स्वीकारणारा जो रकाना ब्राउझर देतो, त्यात पुष्कळदा देवनागरी अंक उमटतच नाहीत. गावातील वडीलधाऱ्या माणसाने ५.८ असे देवनागरीत लिहिले आणि पडद्यावर काहीच दिसले नाही, तर दोष त्याचा नव्हे. साधा मजकुराचा रकाना ठेवून, साठविण्यापूर्वी देवनागरी अंकांचे रूपांतर प्रोग्रॅमने करावे.

दुसरी गोष्ट फाँटची. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. पण त्यानंतरही कित्येक वर्षे कचेऱ्यांतील मराठी कागद ज्या फाँटांत टंकलिखित होत राहिले, त्यांत अक्षर मराठी दिसे आणि आत साठविलेला संकेत मात्र रोमन अक्षराचा असे. असा जुना मजकूर जसाच्या तसा डेटाबेसमध्ये घातला तर शोध, क्रमवारी, जुळणी यांपैकी काहीच होत नाही. तो आधी युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा आणि निदान काही पाने मूळ कागदाशी ताडून पाहावीत.

तिसरी गोष्ट अधिक फसवी आहे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले ते २००८ साली. तत्पूर्वी ते अ आणि वरील चंद्र असे दोन संकेत जोडून लिहीत आणि अजूनही पुष्कळ जण तसे लिहितात. त्यामुळे एका नोंदीतील ‘ॲंथनी’ आणि दुसऱ्या नोंदीतील ‘अॅंथनी’ ही नावे डोळ्यांस सारखी दिसली तरी संगणकास दोन माणसे वाटतात. युनिकोडचे जे सर्वसाधारण प्रमाणीकरण असते त्याने हा भेद मिटत नाही. दुसऱ्या रूपाचे पहिल्यात रूपांतर करण्याचा नियम आपणच लिहावा लागतो.

नावांचाच विषय निघाला आहे तर डि'सोझा, डि'कॉस्टा या आडनावांतील वरच्या स्वल्पविरामाचाही उल्लेख करावयास हवा. डेटाबेसला द्यावयाच्या आज्ञेत हे चिन्ह मजकूर कोठे संपला हे दर्शविते. प्रपत्रात आलेला मजकूर आज्ञेत तसाच चिकटवला तर अशा घरमालकाची नोंद साठवताना प्रोग्रॅम अडखळतो, आणि हेतुपुरस्सर लिहिलेल्या मजकुराने कोणी सारा तक्ताही पुसू शकतो. आज्ञा आणि मजकूर डेटाबेसकडे वेगवेगळे पाठविण्याची सोय प्रत्येक संगणकभाषेत असते, तीच वापरावी. आडनावातून ते चिन्ह काढून टाकणे हा उपाय नव्हे. नाव ज्याचे त्याने जसे लिहिले तसेच राहावे.

घरमालकाचा दूरध्वनी क्रमांक किंवा आधार क्रमांक पाण्याची पातळी मोजण्यास लागत नाही. जे लागत नाही ते विचारूच नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली केला आहे. पण कायदा नसता तरी कोणाच्या खासगी विहिरीतले पाणी केव्हा आटते हे मालकाच्या नावासह भिंतीवर लावणे प्रशस्त झाले नसते.

आलेख

आलेख काढण्याची कला फार जुनी नाही. स्तंभालेख आणि काळानुसार चढउतार दाखविणारा रेषालेख विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आढळतात. वर्तुळालेख त्यांनीच १८०१ साली काढला. आता हे सारे प्रकार एका बटणासरशी मिळतात आणि त्यामुळेच कोणता कोठे वापरावा याचा विचार मागे पडतो.

खोलीचा रेषालेख काढताना उभा अक्ष उलटा करावा, म्हणजे जमीन वर आणि खोली खाली. अन्यथा मे महिन्यात रेषा वर चढते आणि पाहणाऱ्यास पाणी वाढले असे वाटते. आडव्या अक्षावर तारखा त्यांच्या खऱ्या अंतराने मांडाव्यात. केंद्रीय भूजल मंडळ वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारीत, पावसाळ्यापूर्वी, ऑगस्टमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये पातळी मोजते. या चार मोजण्यांमधील अंतरे सारखी नाहीत. जनगणनेतही हेच आहे. पोर्तुगीज अमदानीतील अखेरच्या गणना १९५० व १९६० साली झाल्या आणि त्यानंतरची गणना १९७१ साली. प्रोग्रॅमला ही वर्षे केवळ नावे म्हणून दिली तर तो दहा वर्षांस आणि अकरा वर्षांस सारखीच जागा देतो. ज्या महिन्यात मोजणी झाली नाही तेथे रेषा तुटलेली दिसावी. पुष्कळ प्रोग्रॅम ती सरळ जोडून टाकतात.

स्तंभालेखाचा नियम याहून कडक आहे. त्याचा उभा अक्ष शून्यापासूनच सुरू झाला पाहिजे, कारण वाचणारा स्तंभाच्या उंचीची तुलना करतो. गोव्याची लोकसंख्या २००१ साली १३,४७,६६८ आणि २०११ साली १४,५८,५४५ होती. वाढ सुमारे ८.२ टक्के. अक्ष १३ लाखांपासून सुरू केला तर पहिल्या स्तंभाला ४७,६६८ इतकी आणि दुसऱ्याला १,५८,५४५ इतकी उंची मिळेल. आकडे दोन्ही खरे, पण डोळ्यांना लोकसंख्या तिपटीहून अधिक झालेली दिसेल. आलेख काढणारे काही प्रोग्रॅम ‘जागा वाचविण्यासाठी’ हे आपणहून करतात, म्हणून ते तपासून घ्यावे. शिक्षकांनी हा प्रयोग फळ्यावर दोन्ही प्रकारे करून दाखवावा; मुलांस तो चटकन उमगतो.

आता मुख्य प्रश्न : कोरड्या विहिरी आलेखात कशा दाखवाव्यात? त्यांची जागा रिकामी ठेवली म्हणजे सरासरीतून त्या वगळल्या जातात आणि आपल्या उदाहरणात मे महिन्याची सरासरी ६.२ मीटर येते. ३.७२ पेक्षा हे पुष्कळच बरे. तथापि त्यातही धोका आहे. सर्वांत हलाखीच्या विहिरीच हिशेबातून गळतात. एखाद्या वाड्यावरच्या सर्व विहिरी आटल्या आणि शेताच्या कडेची एकच विहीर २.५ मीटरवर राहिली, तर सरासरी पुन्हा सुधारलेली दिसेल. यावर मध्यक उपयोगी पडतो. विहिरी क्रमाने लावाव्यात आणि कोरड्या विहिरी सर्वांत शेवटी ठेवाव्यात, कारण लोकांना पाणी मिळते की नाही हा आपला प्रश्न आहे. मे महिन्याचा क्रम ५.८, ६.१, ६.७, कोरडी, कोरडी असा होतो आणि मधला आकडा ६.७ येतो. जानेवारीचा मध्यक ४.१ होता. निम्म्याहून अधिक विहिरी कोरड्या पडल्या तर मध्यकाच्या जागी आकडाच राहत नाही, ‘कोरडी’ हा शब्द येतो. आणि तो तसाच छापावा.

मध्यक काढला तरी रेषेखाली एक छोटी पट्टी अवश्य असावी : त्या महिन्यात किती विहिरींत पाणी मोजले, किती कोरड्या होत्या, किती मोजता आल्या नाहीत. ३, २, ०. या तीन आकड्यांइतके स्पष्ट बोलणारे दुसरे काही नाही, आणि अधिकाऱ्यास टँकरचा निर्णय घेण्यास बहुधा तेच पुरतात.

वर्तुळालेख शक्यतो टाळावा. दोन-तीन भागांपलीकडे त्यातील फाकींचा लहानमोठेपणा डोळ्यांस ठरविता येत नाही. रंगांवरही फार विसंबू नये. काही माणसांना लाल आणि हिरवा हे रंग वेगळे दिसत नाहीत. शिवाय कचेरीतील झेरॉक्सवर दोन्ही राखाडीच होतात. कोरड्या विहिरीसाठी पोकळ चौकोन आणि पाणी असलेल्या विहिरीसाठी भरीव ठिपका अशा आकाराच्या खुणा अधिक विश्वसनीय ठरतात.

अक्षांश-रेखांश नोंदलेले असतील तर त्याच माहितीवरून नकाशाही निघतो आणि काही वेळा तो रेषालेखापेक्षा अधिक सांगतो. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू कोणत्या घरात झाले हे नकाशावर मांडले आणि ते ब्रॉड स्ट्रीटवरील एका सार्वजनिक पंपाभोवती एकवटलेले दिसले. नकाशाची कीर्ती जगभर झाली. परंतु मृत्यूची नोंद पत्त्यासह ठेवणारे निबंधक कार्यालय नसते तर तो काढणे फार अवघड झाले असते, हे सहसा सांगितले जात नाही.

दुरुस्ती आणि जपणूक

कागदी नोंदवहीत चुकलेल्या आकड्यावर एक रेघ मारून वर नवा आकडा लिहीत आणि सही करीत. जुना आकडा वाचता येत असे. संगणकात नवा आकडा लिहिला की जुना नाहीसा होतो, हे योग्य नव्हे. दुरुस्तीसाठी वेगळा तक्ता ठेवून त्यात जुना आकडा, नवा आकडा, कोणी व केव्हा बदलला आणि का, हे साठवावे. मोजणारा, नोंद करणारा आणि दुरुस्तीस मान्यता देणारा यांचे प्रवेशनाम वेगवेगळे असावे. एकच परवलीचा शब्द भिंतीवर चिकटवून सर्वांनी वापरण्याची रीत सोयीची खरी, पण तिने ‘कोणी’ या रकान्यास काही अर्थ उरत नाही.

शाळेतील मुलांना मोजणीत सहभागी करून घेणे चांगले. मात्र विहिरीपाशी जबाबदार मोठे माणूस असल्याशिवाय फीत मुलांच्या हाती देऊ नये, आणि जेथे कठडा नाही तेथे मुलांना नेऊच नये.

माहितीची प्रत दर आठवड्यास काढावी आणि ती त्याच कपाटात ठेवू नये. वीज पडून यंत्र जळाले वा पावसात छप्पर गळाले तर दोन्ही एकदमच जातील. एक प्रत शाळेत आणि एक तालुक्याच्या कचेरीत ठेवता येईल. प्रत काढली एवढ्यावर संतुष्ट राहू नये. वर्षातून दोनदा ती दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून, मागील मे महिन्याचा आलेख तीवरून पुन्हा काढून पाहावा आणि तो पंचायतीच्या फलकावरील आलेखाशी ताडावा. फलकावरील आलेखाखाली मोजणीच्या तारखा, विहिरींची एकूण संख्या आणि मापन जमिनीपासूनचे आहे की कठड्यापासूनचे, हे छापलेले असावे, म्हणजे ज्याला शंका असेल त्याला फीत घेऊन विहिरीवर जाता येईल.